काटा अडकलाय? बैठका कमी करा, सॅक जड करा

सुरुवातीचे आठ-दहा किलो भराभर उतरतात आणि मग काटा एका आकड्यावर येऊन बसतो तो बसतोच. व्यायाम तोच, जेवण तेच, आणि महिना गेला तरी फरक शून्य. कोल्हापुरात अशा वेळी पहिला सल्ला ठरलेला असतो: "आकडा वाढव की." शंभर बैठका काढताय ना, मग दोनशे काढा. पेठापेठांत तालमी आहेत, हजार बैठकांचे किस्से सांगणारे कट्ट्याकट्ट्यावर आहेत, त्यामुळे हा सल्ला सहज तोंडात येतो. पण तालमीतल्या पैलवानाच्या हजार बैठकांमागे दूध, तूप, बदामाची थंडाई आणि दुपारची हक्काची झोप असते, आणि त्याला बहुतेक वेळा वजन घटवायचं नसतं. दुकान, ऑफिस किंवा घर सांभाळून सकाळी पाऊण तास काढणाऱ्याने त्याचा हिशोब उचलला तर गुडघे दुखतात, काटा तसाच राहतो. अशा माणसाने आकडा खाली आणावा आणि एकेक बैठक जड करावी.

आधी खरंच अडकलाय का ते बघा

रविवारी तांबडा-पांढरा रस्सा हाणला की सोमवारी काटा किलोभर वर दिसतो. ती चरबी नव्हे. जास्त मिठामुळे शरीर पाणी धरून ठेवतं. भात-भाकरीतून साठणाऱ्या ग्लायकोजेनच्या (शरीरात साठवलेल्या साखरेच्या) प्रत्येक ग्रॅमबरोबरही साधारण तीन ग्रॅम पाणी साठतं. बायकांमध्ये पाळीच्या आधीचे काही दिवस वजन एक-दीड किलोने वर जाऊ शकतं. म्हणून एका दिवसाच्या आकड्यावरून काहीच ठरवू नका.

रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर आणि त्याच फरशीवर वजन करा. काटा गालिच्यावर ठेवला तर आकडा चुकतो. सात दिवसांची सरासरी काढा आणि अशा चार आठवड्यांच्या चार सरासऱ्या एकाखाली एक लिहा. ७४.३, ७४.१, ७४.४, ७४.२ असं दिसलं तर वजन अडकलंय. ७४.६, ७४.३, ७४.१, ७३.८ असं दिसलं तर आठवड्याला पाव किलो उतरतंय. मग काहीही बदलू नका, चाललंय ते चालू द्या. पाळी येणाऱ्या बायकांनी या पाळीनंतरचा पहिला आठवडा मागच्या पाळीनंतरच्या पहिल्या आठवड्याशी ताडून बघावा.

सोबत आठवड्यातून एकदा बेंबीच्या पातळीवर, श्वास सहज सोडून, टेपने कंबर मोजा. काटा स्थिर आणि कंबर कमी होत असेल तर चरबी जातेय, काट्यावर दिसत नाही एवढंच.

का अडकतं

समजा वजन ८४ वरून ७४ वर आलं. म्हणजे अंगावरचं दहा किलोचं ओझं उतरलं, आणि बैठका तुम्ही अजून तेवढ्याच काढताय. पूर्वी प्रत्येक बैठकीला जे ओझं उचलत होता ते आता नाहीच. त्यात शरीर सरावलेलं, तोल सुधारलेला. ज्या व्यायामाने तीन महिन्यांपूर्वी धाप लागायची तो आता बातम्या ऐकत होतो.

दिवसभराचा खर्चही घटतो. दहा किलो वजन कमी झालं की बसल्या जागी जळणाऱ्या कॅलरी दिवसाला साधारण शंभराने कमी होतात. हालचालीतला फरक धरला तर दीडशेच्या आसपास. शिवाय कमी खाणाऱ्या माणसाची हालचाल नकळत आटते: दुधाला चालत जाणारा स्कूटर काढतो, जिना सोडून लिफ्ट धरतो, फोनवर बोलताना फेऱ्या मारणारा सोफ्यावर बसतो. पावसाळ्यात हे जास्त जाणवतं. जून ते सप्टेंबर रंकाळ्याचा फेरा बंद पडतो आणि नेमका तेव्हाच काटा थांबतो.

एक गोष्ट स्पष्ट असू द्या. घरच्या घरी चाळीस मिनिटं जीव तोडून केलेल्या व्यायामात दोनशे-अडीचशे कॅलरी जळतात. कट मारून घेतलेली मिसळ, वर जादा फरसाण आणि पाव, यात त्याहून जास्त भरतात. मग अवघड व्यायाम कशासाठी? तर उतरणाऱ्या वजनात स्नायू कमी आणि चरबी जास्त जावी, ताकद टिकावी आणि दिवसभर हालचाल करायची ऐपत राहावी म्हणून. काटा हलवायचं निम्म्याहून जास्त काम ताट आणि चालणं करतं.

सॅक भरायची कशी

उतरलेल्या वजनातलं थोडं परत पाठीवर घ्यायचं, हा घरच्या व्यायामातला सर्वात स्वस्त उपाय. मुलांची जुनी दप्तराची सॅक चालते, फक्त पट्ट्यांची शिलाई ओढून तपासा. आत तांदूळ किंवा वाळू भरायची: दोन-दोन किलोच्या पिशव्या करा, तोंड घट्ट बांधा, वर दुसरी पिशवी चढवा. पाण्याच्या बाटल्याही चालतात, एक लिटर म्हणजे एक किलो. बाटली काठोकाठ भरा, अर्धवट भरली तर पाणी डुचमळतं आणि तोल जातो.

वजन सॅकच्या तळाला पडलं की ती कंबर मागे खेचते. तळाला जुनी चादर कोंबा, पिशव्या वर आणि पाठीला चिकटून ठेवा. पट्ट्या आखूड करा आणि छातीवरून एक ओढणी आडवी बांधा. सुरुवात चार किलोने करा आणि आठवड्याला फार तर एक किलो वाढवा. दहा-बारा किलोच्या पुढे साध्या दप्तरात जाऊ नका, शिलाई दगा देते.

हातात धरायला पाच लिटर तेलाचा रिकामा कॅन उत्तम. पाण्याने भरला की साधारण पाच किलो. झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा लावा, नाहीतर फरशी ओली होते आणि पुढचा माणूस घसरतो. गॅस सिलिंडर उचलून व्यायाम करणारे महाभागही असतात. भरलेला घरगुती सिलिंडर तीस किलोच्या घरात जातो, तेव्हा तो शेगडीपाशीच राहू द्या.

पाय: बैठकीच्या चार पायऱ्या

तालमीतली बैठक चवड्यावर येऊन, हात झुलवत, झपाझप काढतात. दमसासाला ती छान, पण झटक्याचा जोर अर्धं काम करतो आणि गुडघा खूप पुढे जातो. इथे बैठक बदला. पाय खांद्याएवढे लांब, टाचा जमिनीला घट्ट, गुडघे पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेने. मनात चार मोजत खाली जा, खाली एक सेकंद थांबा, मग वर या. ही पहिली पायरी. अशा बारा निघाल्या तर आधीच्या पन्नासांपेक्षा जास्त भरतात, हे दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कळतं.

दुसरी पायरी, हेच सॅक घेऊन. सॅक पाठीवर घ्या किंवा उलटी करून छातीशी कवटाळा. छातीशी धरली की पाठ आपोआप ताठ राहते. टाचा उचलल्या जात असतील तर टाचांखाली दोन सेंटिमीटरची फळी ठेवा.

तिसरी पायरी एका पायाची, आणि आमच्या मते घरात करता येणारा पायाचा हा सर्वात भारी व्यायाम. मागचा पाय दिवाणाच्या किंवा कॉटच्या कडेवर, पाऊल पालथं. पुढचा पाय कडेपासून साधारण दोन फूट पुढे. अंतर कमी पडलं तर पुढची टाच उचलली जाते, जास्त झालं तर मागच्या मांडीला ताण बसतो आणि कंबर वाकते. दोन-तीन वेळा खाली-वर करून जागा सापडली की फरशीवर खडूची खूण करून ठेवा, म्हणजे रोज शोधायला नको. तीन मोजत खाली, मागचा गुडघा जमिनीपासून चार बोटं राहीपर्यंत. वजन पुढच्या पायाच्या टाचेवर. पहिले दोन आठवडे भिंतीला एक बोट टेकवा. प्लॅस्टिकची खुर्ची वापरू नका, ती मागे सरकते. चौथी पायरी म्हणजे हेच, पाठीवर चार किलो घेऊन.

बैठकीने मांडीचा पुढचा भाग होतो, मागचा राहतो. त्यासाठी दोन्ही हातांत कॅन घेऊन कमरेतून वाका. भिंतीकडे पाठ करून एक फूट पुढे उभे राहा, गुडघे किंचित सैल आणि नितंब मागे नेऊन भिंतीला टेकवा. कॅन मांड्यांना घासत गुडघ्याखाली येतात, पाठ सपाट राहते. ताण मांडीच्या मागे जाणवला पाहिजे. कंबरेत जाणवला तर पाठीचा कणा वाकतोय, खोली कमी करा.

हात आणि छाती: जोर

पुश-अपमध्ये शरीराच्या वजनापैकी किती भार हातांवर येतो हे कळलं की पायऱ्या आपोआप लागतात. हात सुमारे ६० सेंटिमीटर उंचीवर, म्हणजे ओट्यापेक्षा जरा खाली, टेकले तर ४१ टक्के. गुडघे टेकून केले तर ४९. जमिनीवर सरळ केले तर ६४. पाय ३० सेंटिमीटर उंच ठेवले तर ७० आणि ६० सेंटिमीटरवर ७४ टक्के. म्हणजे ७४ किलोच्या माणसाला गुडघे टेकून ३६ किलो आणि सरळ केले तर ४७ किलो ढकलावे लागतात.

गुडघे टेकून वीस निघतात पण सरळ एकही निघत नाही, ही तक्रार नेहमीची. मधली पायरी अशी: सरळ स्थितीत पाच मोजत फक्त खाली उतरा, जमिनीवर गुडघे टेका, गुडघ्यांच्या आधाराने वर या. असे पाच-सहा, तीन सेट. तीन-चार आठवड्यांत पहिला सरळ पुश-अप बहुतेकांना निघतो. कोपर खांद्याच्या रेषेत बाहेर फाकू नका, कडेला साधारण ४५ अंशांत ठेवा. फाकलेल्या कोपरांनी खांद्याचा पुढचा भाग दुखतो आणि लोक व्यायामच सोडतात.

सरळ पुश-अप बाराच्या पुढे गेले की तालमीतला खरा जोर घ्या: कंबर वर, छाती हातांच्या मधून जमिनीलगत सरपटत पुढे, मान वर, पुन्हा मागे. तो सावकाश, जाता तीन आणि येता तीन मोजत काढला की दहा पुरे होतात. मनगट दुखत असेल तर मूठ वळून करा, नाहीतर हाताखाली लाकडी जोरपट्ट्या घ्या.

पाठीचा व्यायाम घरात हमखास राहून जातो, कारण ओढायला काही नसतं. सॅक दोन्ही पट्ट्यांत एक हात घालून धरा (वरचा हूक धरू नका, तोच आधी तुटतो), दुसरा हात कॉटवर टेकवा, पाठ जमिनीला जवळजवळ समांतर ठेवा आणि सॅक कमरेच्या दिशेने ओढा. वर एक सेकंद थांबा. खिडकीच्या गजाला टॉवेल बांधून लोंबकळणं टाळा, जुन्या घरातले गज चौकटीसकट हातात येतात.

किती, आणि वाढवायचं कधी

प्रत्येक व्यायामाचे तीन सेट, सेटमध्ये ८ ते १२ वेळा, मध्ये दीड ते दोन मिनिटं विश्रांती. सेट संपतो तेव्हा "अजून फार तर दोन निघतील" असं वाटलं पाहिजे. अजून आठ निघतील असं वाटत असेल तर तो व्यायाम सोपा झालाय. अजिबात निघणार नाही इथपर्यंत रोज गेलात तर चार दिवसांनी अंग उठू देत नाही.

तिन्ही सेटमध्ये १२ निघाले की पुढची पायरी किंवा एक किलो जास्त, आणि आकडा परत आठवर. एका वेळी एकच गोष्ट वाढवा. सॅकही जड, विश्रांतीही कमी आणि सेटही चार, असं एकदम केलं की नेमकं कशाने दुखलं तेही समजत नाही. वहीत तारीख, पायरी, किलो आणि तीन सेटचे आकडे लिहा, जसं "बैठक, ६ किलो, ११-१०-९". वही नसेल तर माणूस महिनोन्महिने तोच व्यायाम करतो आणि आपण वाढवतोय असं समजतो.

आठवडा असा मांडता येतो:

- सोमवार, गुरुवार: एका पायाची बैठक, पुश-अप किंवा जोर, सॅक ओढणं, कमरेतून वाकणं, शेवटी ३०-४० सेकंदांचा प्लँक (कोपर आणि चवड्यांवर अंग सरळ धरून ठेवणं) तीनदा.
- मंगळवार, शनिवार: धाप लागणारा व्यायाम, १५ मिनिटं.
- उरलेले दिवस: फक्त चालणं.

पाचव्या आठवड्यात सेट तीनाचे दोन करा, वजन तेच ठेवा. सांध्यांना उसंत मिळते आणि सहाव्या आठवड्यात आकडे बहुधा वर जातात.

धाप लागणारा भाग

एक जोर, लगेच उभं राहून एक बैठक, पुन्हा जोर. असं ३० सेकंद, मग ३० सेकंद सावकाश फेऱ्या. आठ फेऱ्यांनी सुरुवात करा, दर आठवड्याला एक वाढवा, बारावर थांबा. आठव्या फेरीत पहिल्या फेरीच्या निम्म्याच होत असतील तर सुरुवात फार जोरात केलीय. फ्लॅटमध्ये राहत असाल तर उडी नको, एकेक पाय मागे टाकत खाली जा. खालच्या मजल्यावरच्या काकू सकाळी सहाला दार वाजवतात तेव्हा व्यायामाचा उत्साह तिथेच संपतो.

इमारतीचा जिना याहून चांगला. तीन मजले भरभर चढा, उतरताना कठड्याला हात ठेवून सावकाश या, अशा सहा फेऱ्या. गुडघे चढताना कमी आणि उतरताना जास्त कुरकुरतात, म्हणून उतरायची घाई नको. पावसाळ्यात पायऱ्या ओल्या असतील तर तो दिवस घरातच काढा. उघडीप असेल तेव्हा सुट्टीच्या दिवशी जोतिबाचा डोंगर किंवा पन्हाळ्याची चढण पायी करा, पण त्या बदल्यात शनिवारचा व्यायाम सोडा.

आणि चालणं मोजा. आधी एक आठवडा काही न बदलता मोबाइलवर पावलं बघा. सरासरी साडेचार हजार असेल तर साडेसहा हजार करा, एकदम दहा हजार नको. जड व्यायाम सुरू केल्यावर लोक दुपारी आडवे होतात आणि पावलं दोन हजारांनी घटतात. सकाळी जाळलेलं संध्याकाळपर्यंत असं परत येतं.

पहिल्या पंधरवड्यात काटा वर गेला तर

जाऊ शकतो, आणि लोक इथेच सोडतात. नव्या व्यायामाने स्नायू सुजतात, दुरुस्तीसाठी पाणी धरतात. अर्धा ते दीड किलो वाढ दिसू शकते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ती ओसरते. या काळात जेवण आणखी कमी करू नका, कंबर मोजत राहा.

ताटातली गळती

इथे लांबण लावत नाही, फक्त जिथे हमखास गळतं ते सांगतो. तेलाचा एक मोठा चमचा, १५ मिली, म्हणजे १२० कॅलरी. महिन्याला घरात किती लिटर तेल लागतं त्याला माणसांनी भागा, उत्तर बघून बहुतेक जण गप्प होतात. म्हशीच्या सायीच्या दुधाचा २५० मिलीचा पेला अडीचशे कॅलरींच्या आसपास. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर उभं राहून पेलाभर दूध पिणं ही सुखाची गोष्ट आहे, फक्त ते जेवणात धरा. शेंगदाण्याची चटणी चमचाभर ठीक. भाकरीबरोबर चार चमचे गेली तर दोनशे कॅलरी वर.

प्रथिनं मात्र वाढवा: वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला १.२ ते १.६ ग्रॅम. ७४ किलोला ९० ते ११८ ग्रॅम. एका अंड्यात ६, शंभर ग्रॅम शिजवलेल्या चिकनच्या छातीत ३० च्या आसपास, पन्नास ग्रॅम कोरड्या सोयाबीन वडीत २६, पन्नास ग्रॅम कोरड्या मुगात १२. सुक्का मटण-चिकन खा, रश्श्यावरचा तवंग बाजूला काढा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनांचा आकडा डॉक्टरांनी ठरवावा.

कुणी आधी विचारावं

रक्तदाब जास्त असेल तर जड उचलताना श्वास रोखू नका, वर येताना सोडा, आणि सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर व्यायाम वाढल्यावर साखर एकदम उतरू शकते. डोस बघून घ्यावा लागतो, आणि गूळ किंवा साखर जवळ ठेवा. छातीत दाब, चक्कर किंवा जबड्याकडे जाणारं दुखणं जाणवलं तर तिथेच थांबून दवाखाना गाठा. गुडघ्याला दुसऱ्या दिवशी सूज आली तर एक पायरी खाली या. नुसता मांडीचा ठणका दोन-तीन दिवस राहतो, त्याची काळजी नको.

सहा आठवडे वही भरली, पावलं टिकली, तेल मोजलं आणि तरीही सरासरी जागची हलली नाही, तर दोन वाटा आहेत. चार-सहा महिने सतत कमी खात असाल तर दोन आठवडे वजन टिकेल एवढं जेवा. रोज साधारण भाकरी आणि वाटीभर वरण जास्त, व्यायाम तोच. मग पुन्हा कमी करा. थकवा, केस गळणं, अंग गार पडणं, पाळी अनियमित होणं यातलं काही सोबत असेल तर थायरॉइडची टीएसएच तपासणी करून घ्या आणि चालू औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा, कारण स्टिरॉइड आणि मनाच्या आजारांवरच्या काही गोळ्यांनीही वजन अडतं. अशी औषधं स्वतःहून बंद करू नका.